आज्ञावली कशी बांधली जाते? – 'ईमॅक्स'चे उदाहरण

शाळेच्या संगणकावर आपण प्रश्नपत्रिका लिहितो, निकालपत्रके तयार करतो. ज्या आज्ञावलीच्या मदतीने हे काम होते, ती आपल्याला आयती मिळालेली असते. तिची फाईल उघडून पाहिली, तर आपल्याला काहीच अर्थबोध न होणारी चिन्हांची जंत्री दिसते. पण ती आज्ञावली कोणा माणसाने लिहिली तेव्हा अशी नव्हती. त्याने ती वाचता येईल, समजेल, दुसऱ्याला सुधारता येईल अशा भाषेत लिहिली होती. या मूळ लिखाणाला आज्ञावलीची मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. संहितेपासून त्या चिन्हांपर्यंतचा प्रवास कोठे होतो, कोण करतो आणि तो आपल्याला स्वतः करता येईल का, हे या लेखात पाहू.

बाजारातला रेडिमेड सदरा आणि शिंप्याकडून शिवून घेतलेला सदरा यांत जो फरक, तोच येथे आहे. तयार आज्ञावली ही कोणा सर्वसाधारण अंगाच्या मापाने शिवलेली असते. मूळ संहिता म्हणजे कापड आणि शिवणाची पद्धत. ते हाती असेल, तर आपल्या संगणकाच्या मापाने आज्ञावली बांधता येते. शिवाय आत काय आहे, हे उसवून पाहताही येते.

ईमॅक्स म्हणजे काय?

उदाहरणासाठी आम्ही 'ईमॅक्स' हा मजकूर-संपादक निवडला आहे. मजकूर-संपादक म्हणजे साधा मजकूर लिहिण्याची, दुरुस्त करण्याची आज्ञावली. ईमॅक्सचा जन्म १९७६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. त्यावेळी तो 'टेको' नावाच्या जुन्या संपादकावर रचलेल्या छोट्या आज्ञांचा संच होता. पुढे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ साली 'ग्नू ईमॅक्स' नव्याने लिहावयास घेतला आणि १९८५ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी, अशी त्याच्या परवान्याचीच अट आहे.

हे उदाहरण निवडण्याचे आणखी एक कारण आहे. ईमॅक्सचा गाभा 'सी' भाषेत आहे; पण त्याचा बराच मोठा भाग 'ईमॅक्स लिस्प' या भाषेत असून ती भाषा समजणारा दुभाषा खुद्द ईमॅक्सच्याच पोटात आहे. त्यामुळे ईमॅक्स बांधताना एक गमतीदार पेच उभा राहतो. त्याकडे आपण लवकरच येऊ.

कापड आणणे

ईमॅक्सच्या संहितेची दोन रूपे मिळतात. एक म्हणजे अधूनमधून जाहीर होणारी, तपासून पक्की केलेली आवृत्ती. दुसरे म्हणजे विकासाधीन संहिता, ज्यात जगभरातील कार्यकर्ते रोज काही ना काही बदल करीत असतात. आवृत्तीच्या क्रमांकावरूनही हा फरक कळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ३०.१ ही पक्की आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा विकासाधीन संहितेचा क्रमांक ३१.०.५० असा होता. शेवटचे ५० दिसले, की हे काम अजून चालू आहे असे समजावे.

विकासाधीन संहिता 'गिट' या साधनाने जपली जाते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली गिट तयार केले. ईमॅक्सचे काम त्यावर २०१४ मध्ये आले. गिट हे संहितेचे रोजनिशीसारखे दप्तर आहे. कोणता बदल कोणी, केव्हा आणि का केला, याची नोंद त्यात राहते. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरूनच काढलेली ४० चिन्हांची खूण असते आणि तिच्यात आधीच्या नोंदीची खूणही गुंफलेली असते. त्यामुळे जुन्या नोंदीत गुपचूप खाडाखोड केली, तर पुढच्या सगळ्या खुणा बदलतात आणि चोरी उघडी पडते.

'गिट क्लोन' या आज्ञेने हे सारे दप्तर आपल्या संगणकावर उतरते. इंटरनेटची गती कमी असेल, तर केवळ अखेरचे पान मागवण्याची सोय आहे. मात्र जुन्या नोंदींचा उपयोग पुढे बिघाड शोधताना होतो, म्हणून शक्य असल्यास संपूर्ण दप्तर घ्यावे.

मापे घेणे

आता शिवायला बसण्यापूर्वी मापे घ्यावयाची. जगात संगणकांचे शेकडो प्रकार आहेत. एकाच संहितेने त्या सर्वांवर चालावयाचे तर आधी समोरचा संगणक कसा आहे हे विचारावे लागते. हे काम 'कॉन्फिगर' नावाची आज्ञावली करते. पक्क्या आवृत्तीबरोबर ती तयार येते. विकासाधीन संहितेत मात्र ती नसते. तिचा आराखडा असतो, आणि 'ऑटोजेन' ही छोटी आज्ञावली 'ऑटोकॉन्फ' या साधनाकरवी त्यातून कॉन्फिगर तयार करून देते. म्हणजे येथे मोजपट्टीसुद्धा आपणच बनवावयाची असते!

कॉन्फिगरची पद्धत विज्ञानशिक्षकांना आवडण्यासारखी आहे. संगणकाचे नाव विचारून त्यावरून अंदाज बांधत बसण्यापेक्षा ती प्रयोग करून पाहते. 'अमुक सुविधा येथे आहे का?' असा प्रश्न पडला, की ती चार-सहा ओळींची एक चिमुकली आज्ञावली लिहिते, ती कंपायलरला देते आणि भाषांतर जमते का ते पाहते. जमले तर 'होय', नाही तर 'नाही'. असे शेकडो लहान प्रयोग एकामागून एक होतात आणि त्यांची तपशीलवार नोंद एका फाईलमध्ये राहते. पडद्यावर भराभर सरकणाऱ्या ओळी म्हणजे या प्रयोगांची वहीच होय.

येथे नवख्याला हमखास अडवणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एखादी लायब्ररी, म्हणजे अनेक आज्ञावलींना सामाईक उपयोगी पडणारा भाग, आपल्या संगणकावर असतो; तरीही कॉन्फिगर 'नाही' म्हणते. याचे कारण असे, की लायब्ररीचे दोन भाग असतात. एक चालवण्यासाठी लागणारा आणि दुसरा बांधण्यासाठी लागणारा. या दुसऱ्या भागात लायब्ररीतील कामांची यादी व ती कशी बोलवावीत याचे वर्णन असते. रोजच्या वापराला तो लागत नाही, म्हणून बहुतेक लिनक्स वितरणांत तो वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात. ते पॅकेज बसवले, की अडचण दूर होते.

'शिक्षक' हा शब्द कसा दिसतो?

सगळ्याच 'नाही'चा परिणाम सारखा नसतो. इंटरनेटवरील सुरक्षित संपर्कासाठी लागणारी 'ग्नूटीएलएस' ही लायब्ररी सापडली नाही, तर कॉन्फिगर तेथेच थांबते आणि तसे सांगते. पण काही बाबतींत ती मुकाट्याने 'नाही' लिहून पुढे जाते. मराठीत लिहिणाऱ्याने म्हणूनच अखेरच्या तक्त्यातील एक ओळ न चुकता वाचावी : 'ईमॅक्स हार्फबझ वापरतो का?'

'हार्फबझ' ही अक्षरांना आकार देणारी लायब्ररी आहे. तिची गरज का, हे 'शिक्षक' या शब्दावरून समजेल. संगणकाच्या स्मृतीत हा शब्द सहा चिन्हांनी साठवला जातो : श, ऱ्हस्व इकार, क, हलंताची खूण, ष आणि क. लक्षात घ्या, इकार स्मृतीत 'श'च्या नंतर आहे, कारण आपण उच्चारही तसाच करतो. कागदावर मात्र वेलांटीचा दांडा 'श'च्या आधी येतो. तसेच क, हलंत आणि ष ही तीन चिन्हे मिळून 'क्ष' हे एकच अक्षर दिसावयास हवे. चिन्हांच्या क्रमाचे दृश्य अक्षरांत होणारे हे रूपांतर हार्फबझ करते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील रफार आणि अर्धा र हा आपल्या भाषेतला भेदही तिला कळतो.

ईमॅक्स २०२० साली आलेल्या २७व्या आवृत्तीपासून या कामासाठी हार्फबझला प्राधान्य देऊ लागला. आकार देणारी कोणतीच लायब्ररी न जोडता ईमॅक्स बांधला, तर तो बिनतक्रार चालेल, इंग्रजी मजकूर सुरेख दाखवील, आणि 'शिक्षक' मात्र वेलांटी भलतीकडे व क्ष फुटलेला असा दाखवील. फाईलमधला मजकूर तेव्हाही अचूकच असतो. बिघडलेले असते ते केवळ दर्शन. आपल्या गरजा काय आहेत, हे कॉन्फिगरला आपोआप कळत नाही. तिने घेतलेली मापे आपण तपासली पाहिजेत.

शिवण

मापे झाली, की 'मेक' ही आज्ञा द्यावयाची. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत तयार केले. त्यामागची हकिकत बोलकी आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी आज्ञावलीतली चूक शोधण्यात एक संपूर्ण सकाळ घालवली. प्रत्यक्षात ती चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. फक्त दुरुस्त फाईलचे पुन्हा भाषांतर करावयाचे राहून गेले होते. अशी विसरभोळी कामे यंत्राने सांभाळावीत, या विचारातून मेक जन्मले.

मेकचा नियम साधा आहे. कोणती फाईल कोणत्या फाईलींवरून बनते, याची यादी त्याच्याकडे असते. बनलेली फाईल मूळ फाईलपेक्षा जुनी असेल, तर ती पुन्हा बनवावयाची. नाही तर हात लावावयाचा नाही. ईमॅक्सच्या गाभ्यातील 'सी' भाषेची एखादी फाईल बदलली, तर तेवढीच पुन्हा भाषांतरित होते. पण 'लिस्प.एच' ही फाईल बदलली, तर गाभ्याच्या जवळजवळ सर्व फाईली पुन्हा कराव्या लागतात, कारण त्या बहुतेक सर्वांना तिचा आधार आहे. म्हणूनच पहिल्यांदा बांधणी करताना बराच वेळ जातो. दुसऱ्या दिवशी नवे बदल आणून पुन्हा मेक दिले, तर काम बरेचदा झटपट उरकते.

मेकला एकावेळी चार कामे करण्यास सांगता येते. एका दुकानात चार शिंपी असतील तर बाह्या आणि कॉलर एकाच वेळी शिवून होतील. पण अंग शिवून झाल्याशिवाय बाही जोडता येणार नाही. कोणते काम कशानंतर, हे मेकला ठाऊक असल्याने तो कामे योग्य तऱ्हेने वाटून देतो.

बांधणी मध्येच थांबली, तर पडद्यावरची शेवटची ओळ वाचून फारसे हाती लागत नाही. मागे जाऊन पहिली चूक शोधावी; पुढच्या बहुतेक तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

विरजणाचा प्रश्न

आता तो पेच. ईमॅक्स लिस्पमध्ये लिहिलेल्या हजाराहून अधिक फाईली चालवण्यास सोप्या अशा 'बाइट कोड' या रूपात आणावयाच्या असतात. हे काम करणारा कंपायलर कशात लिहिला आहे? ईमॅक्स लिस्पमध्येच! म्हणजे लिस्पचा कंपायलर चालवण्यासाठी ईमॅक्स हवा, आणि ईमॅक्स पुरा होण्यासाठी कंपायलर हवा. दही लावायला विरजण हवे, आणि विरजण म्हणजे तर दहीच!

यातून मार्ग असा काढला आहे. प्रथम 'सी'मधील गाभ्याचे भाषांतर करून 'टीमॅक्स' नावाचा अर्धामुर्धा ईमॅक्स तयार होतो. त्याला लिस्प समजते, पण बाकी काही येत नाही. तो लिस्पच्या मूळ फाईली भाषांतराविना, ओळीओळीने वाचत चालवतो. हे काम अतिशय संथ असते. या संथ अवस्थेत सर्वांत आधी कंपायलरच्याच फाईलींचे भाषांतर उरकून घेतात. त्यामुळे कंपायलर वेगवान होतो आणि मग उरलेल्या फाईलींचा फडशा पडतो. या पद्धतीला 'बूटस्ट्रॅप' म्हणतात.

पण प्रत्येक वेळी ईमॅक्स सुरू करताना इतक्या लिस्प फाईली वाचावयाच्या तर वापरणारा कंटाळून जाईल. म्हणून टीमॅक्स आवश्यक फाईली एकदाच वाचतो आणि त्यावेळी त्याच्या स्मृतीत जे चित्र असेल, ते डिस्कवर उतरवून ठेवतो. पुढे ईमॅक्स सुरू होताना ते चित्र थेट उचलले जाते. हे काम पूर्वी ज्या रीतीने होई, ती सी लायब्ररीच्या अंतर्गत रचनेवर फार विसंबून होती. लायब्ररी बदलू लागली तेव्हा ती रीत धोक्यात आली, आणि २७व्या आवृत्तीत कोणत्याही संगणकावर चालेल अशी नवी पद्धत आली.

बसवणे आणि बिघाड शोधणे

बांधून झालेला ईमॅक्स जागच्या जागी चालवून पाहता येतो. तो समाधानकारक वाटला, तर 'मेक इन्स्टॉल' ही आज्ञा द्यावी. तिने फाईली ठरलेल्या जागी नेऊन ठेवल्या जातात. ती जागा कॉन्फिगर करतानाच सांगता येते. आमचा सल्ला असा, की आपल्या स्वतःच्या डिरेक्टरीत एक वेगळी जागा द्यावी. त्यामुळे संगणकाच्या व्यवस्थापकाची परवानगी लागत नाही, आधीची पक्की आवृत्ती शाबूत राहते, आणि नको झाल्यास तेवढी डिरेक्टरी पुसली की झाले. विकासाधीन आवृत्ती आज चांगली चालते, उद्या अडखळते. निकालपत्रकाच्या आदल्या दिवशी तिच्यावर विसंबू नये.

अडखळली, तर मात्र एक मौज अनुभवता येते. समजा, महिन्यापूर्वीची संहिता ठीक होती, आजची बिघडली आहे आणि मधे १,००० बदल झाले आहेत. दोषी कोणता? एकेक तपासत बसायचे कारण नाही. मधला, म्हणजे पाचशेवा बदल घ्यावा, तेथपर्यंतची संहिता बांधावी आणि पाहावे. ठीक असेल तर दोष पुढच्या पाचशेत, नसेल तर मागच्या. प्रत्येक वेळी संशयित निम्मे होतात. १० वेळा बांधले, की दोषी बदल हाती लागतो. एक लाख बदल असते तरी १७ वेळाच पुरले असते, कारण २ चा १७वा घात १,३१,०७२ होतो. गिटमध्ये यासाठी 'बायसेक्ट' ही खास आज्ञा आहे.

विश्वास कोणावर ठेवावा?

एवढी खटपट कशासाठी, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. तयार ईमॅक्स तर सहज मिळतो. या प्रश्नाचे उत्तर केवळ हौस असे नाही.

२०२४ सालच्या मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. एवढ्याशा उशिराचा माग काढत ते 'एक्सझेड' या फाईल आकुंचित करणाऱ्या साधनाशी पोचले. त्याच्या नव्या आवृत्तींत संगणकात चोरवाट पाडणारा भाग दडवलेला होता. तो दडवण्याची रीत आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. चोरवाटेचा मजकूर चाचणीच्या फाईली म्हणून ठेवला होता. त्याला जागे करणारी किल्ली मात्र गिटच्या दप्तरात नव्हती. ती फक्त जाहीर आवृत्तीच्या गठ्ठ्यात, कॉन्फिगर ज्या फाईलींवरून बनते त्यांत घातली होती. थोडक्यात, मोजपट्टीतच खोट होती. हे करणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात काम करून विश्वास संपादन केला होता. जे लोक गिटमधील संहितेवरून स्वतः मोजपट्टी बनवत होते, त्यांच्या हाती ही किल्ली आलीच नाही.

मग संहिता स्वतः बांधली की निर्धास्त झालो काय? तसेही नाही. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या वेळी दिलेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात याहून खोल धोका दाखवला. समजा, कंपायलरमध्येच अशी खोट आहे, की तो स्वतःच्या नव्या, स्वच्छ संहितेचे भाषांतर करतानाही ती खोट गुपचूप पुढे देतो. मग संहिता कितीही वाचा, तिच्यात काही सापडणार नाही. विरजणच नासके असेल, तर दूध कितीही ताजे असले तरी दही तसेच लागणार, आणि त्या दह्याचे पुढचे विरजणही.

यावर उपाय काय? वैज्ञानिकांना तो नवा नाही : एकाचा प्रयोग दुसऱ्याने स्वतंत्रपणे करून पाहणे. एकच संहिता दोघांनी वेगवेगळ्या संगणकांवर बांधली, तर निघणाऱ्या फाईली बिटाबिटाने सारख्या असाव्यात. प्रत्यक्षात त्या तशा नसतात, कारण बांधल्याची वेळ, संगणकाचे नाव अशा बाबी त्यांत शिरतात. त्या वगळून बांधणी पुनरावर्तनीय करावी, असा प्रयत्न डेबियन प्रकल्पात २०१३ पासून सुरू झाला. ईमॅक्सच्या कॉन्फिगरलाही असे तपशील वगळण्याची सूचना देता येते. थॉम्प्सन यांच्या धोक्यावर डेव्हिड व्हीलर यांनी २००९ सालच्या आपल्या प्रबंधात अशीच वाट दाखवली. संशयित कंपायलरची संहिता अगदी वेगळ्या घराण्यातील दुसऱ्या कंपायलरने भाषांतरित करावी, त्यातून निघालेल्या कंपायलरने तीच संहिता पुन्हा भाषांतरित करावी, आणि हाती आलेले फळ मूळ कंपायलरशी ताडून पाहावे. दोन परक्या घरांतील विरजणे नेमकी एकाच तऱ्हेने नासलेली असण्याचा संभव फारच थोडा.

आपल्यापैकी प्रत्येकाने प्रत्येक आज्ञावली स्वतः बांधावी असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येक जण गुरुत्वत्वरणही स्वतः मोजत नाही. पण मोजू इच्छिणाऱ्याला मोजता आले पाहिजे, आणि समाजात काही जण ते खरोखर मोजत असले पाहिजेत. खुल्या संहितेचे मोल यात आहे. विद्यार्थ्याने एकदा तरी आपल्या हाताने एखादी आज्ञावली बांधली, तर संगणक ही बंद पेटी नसून उघडून पाहण्याजोगी वस्तू आहे, ही जाणीव त्याला होईल.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. एका विद्यार्थ्याने १ ते १,००० मधील एक संख्या मनात धरावी. इतरांनी 'होय-नाही' अशी उत्तरे येणारे प्रश्न विचारून ती १० प्रश्नांत ओळखावी. यातून बायसेक्टचे तत्त्व कळेल.

२. स्नेहसंमेलनाच्या कामांची यादी करून कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, याचे बाण काढावेत. कोणती कामे एकाच वेळी करता येतील? एखाद्या नाटिकेची संहिता बदलली, तर कोणती कामे पुन्हा करावी लागतील? मेक हेच दोन प्रश्न सोडवतो.

३. 'कृष्ण', 'विद्यार्थी', 'दऱ्या' हे शब्द संगणकावर लिहून, कर्सर शब्दाच्या शेवटी ठेवून, मागे खोडण्याची कळ एकेकदा दाबावी. प्रत्येक वेळी काय पुसले जाते, याची नोंद करून शब्दातील मूळ चिन्हे ओळखावीत.

४. ज्यांच्याकडे लिनक्सचा संगणक आहे, त्यांनी एखादी सुट्टी राखून ईमॅक्स बांधून पाहावा. संहितेबरोबरच बांधणीच्या सूचनांच्या फाईली येतात. आधी त्या वाचाव्यात.